लिटमन क्लासिक ३: डॉक्टर लिटमन यांच्याच यादीवर घासून

इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजात नाव लागलं की रामबाग, लोकमान्यनगरातल्या घरांमध्ये दोन प्रश्न निघतात. ॲप्रन कुठून घ्यायचा आणि स्टेथो (स्टेथोस्कोप) कोण देणार. ॲप्रनचा प्रश्न पाच मिनिटांत मिटतो. स्टेथोवर मात्र घरात दोन पक्ष पडतात. मामा म्हणतो, 'घ्यायचा तर लिटमनच'. वडील किंमत ऐकून म्हणतात, 'ठोके काय, सगळ्यातून सारखेच ऐकू येणार'. दोघांचंही अर्धं-अर्धं बरोबर आहे, म्हणून हा परीक्षणाचा खटाटोप.

निकाल आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या वर्षापासून इंटर्नशिपपर्यंतच्या विद्यार्थ्याला आणि जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला लिटमनचा क्लासिक ३ हा स्टेथो घ्यायला हरकत नाही. पण डब्यातून निघतो तसाच वापरला, तर त्यातला एक मोठा गुण वाया जातो. पहिल्या वर्षाला तो घाईचा आहे, आणि हृदयरोगात पुढे शिकणाऱ्याला थोडा तोकडा. कसं ते पुढे येईलच, पण त्याआधी लिटमन या नावाबद्दल थोडं. कारण हा स्टेथो तपासायची सर्वांत चांगली यादी कंपनीच्या पत्रकात नाही, त्या माणसाने स्वतः लिहून ठेवली आहे.

लिटमन हे माणसाचं आडनाव आहे, हे दुकानात स्टेथो विकणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. डॉ. डेव्हिड लिटमन (१९०६ ते १९८१) हे अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ, हार्वर्ड मेडिकल स्कूलचे प्राध्यापक. ईसीजी हा त्यांचा मुख्य विषय, आणि त्यावर त्यांनी पाठ्यपुस्तकही लिहिलं. म्हणजे ज्या माणसाचं नाव जगभर स्टेथोवर कोरलं गेलं, त्याची विद्वत्ता बरीचशी कागदाच्या पट्टीवरच्या रेषांमधली होती.

त्यांच्या आधीची गंमत थोडक्यात. १८१६ साली पॅरिसच्या नेकर हॉस्पिटलात फ्रेंच डॉक्टर लॅनेक यांनी कागदाची सुरळी करून छातीला लावली. मग लाकडाची नळी आली, १८१९ मध्ये ग्रंथ आला. ती नळी म्हणजे एकाच कानाचा कारभार होता. दोन कानांचा स्टेथो १८५० च्या सुमारास आला. न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॅमन यांनी १८५२ मध्ये त्याला वापरण्याजोगं रूप दिलं. पुढे १९४० च्या दशकात रॅपापोर्ट (इंजिनिअर) आणि स्प्राग (डॉक्टर) यांनी ध्वनीचं गणित मांडून एक मॉडेल बनवलं. आवाज उत्तम, पण वजन भरपूर आणि दोन वेगळ्या नळ्या. त्या नळ्या एकमेकींवर घासल्या की कानात जो खरखराट होतो, तो नव्या विद्यार्थ्याला हमखास फुप्फुसातला आवाज वाटतो. ही जोडनळीची पद्धत आजही स्वस्तातल्या 'रॅपापोर्ट टाइप' स्टेथोत मिळते, आणि खरखरही सोबत मिळते.

१९६१ मध्ये लिटमन यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आदर्श स्टेथोस्कोपवर दोन पानांचा लेख लिहिला. त्यात अटी मांडल्या. खालच्या पट्टीच्या आवाजांसाठी उघडी बेल (छातीवर टेकवायचं वाटीसारखं तोंड) हवी. वरच्या पट्टीच्या आवाजांसाठी कडक प्लास्टिकचा बंद डायफ्रॅम (पडदा) हवा, म्हणजे तो खालचे आवाज गाळून टाकेल. नळी घट्ट आणि आतून एकाच पोकळीची हवी. एकूण लांबी काम भागेल इतपतच, शक्य तितकी कमी. कानांच्या नळ्यांमध्ये नेमक्या ताणाची स्प्रिंग. आणि सगळं मिळून हलकं, जवळ बाळगायला सोपं. या यादीत 'आवाज मोठा ऐकू यावा' अशी अट कुठेच नाही. सगळा भर आवाज वेगळे करण्यावर, खालचा एकीकडे आणि वरचा दुसरीकडे. वॉर्डात विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या माणसाची यादी अशीच असणार.

१९६३ मध्ये पेटंट मिळालं. गस मॅकलप यांच्यासोबत त्यांनी कार्डिओसॉनिक्स नावाची कंपनी काढली. सुरुवातीला दोनच मॉडेल होती, एक डॉक्टरांसाठी आणि एक नर्ससाठी. १९६७ मध्ये थ्रीएमने ती कंपनी घेतली. २०२४ च्या एप्रिलमध्ये थ्रीएमचा आरोग्य विभाग वेगळा होऊन सॉल्व्हेंटम नावाची कंपनी झाली आणि लिटमन तिच्याकडे गेला. हे सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. सध्या काही डब्यांवर थ्रीएम दिसेल, काहींवर सॉल्व्हेंटम. निव्वळ त्यावरून माल नकली ठरवू नका.

आता क्लासिक ३ या यादीवर घासून पाहू. अटींचा क्रम मात्र उलटा धरतो, कारण पहिली अटच सगळ्यांत अवघड आहे.

वजन १५० ग्रॅम. गळ्यात सहा तास असला तरी मानेला जाणवत नाही. याच घरातला लाइटवेट २ एसई ११८ ग्रॅमचा आणि ६९ सेंटिमीटर नळीचा कार्डिओलॉजी ४ साधारण १७७ ग्रॅमचा, म्हणजे क्लासिक बरोबर मधला. ही अट पास.

स्प्रिंगही पास, पण ती तुमच्या डोक्याच्या मापाला बसवून घ्यावी लागते. हे फार कमी लोक करतात. नवा स्टेथो कानात कचकन बसतो, दहा मिनिटांत कान दुखू लागतो, आणि मग लोक इअरटिप (कानात बसणारं टोक) अर्धवट बाहेर ठेवून ऐकतात. अर्धवट बसली की बाहेरचा गोंगाट आत येतो आणि खालच्या पट्टीचे आवाज आधी गळतात. ताण कमी करायचा असेल तर दोन्ही धातूच्या नळ्या, रबरी नळीजवळच्या वाकणापाशी धरून हळूहळू बाहेरच्या बाजूला फाकवाव्यात, एका रेषेत येईपर्यंत. ताण वाढवायचा असेल तर त्याच जागी धरून दोन नळ्या एकमेकींना टेकेपर्यंत दाबाव्यात. एका झटक्यात नाही. थोडं करावं, घालून बघावं, पुन्हा थोडं करावं. वर, इअरटिपांजवळ धरून वाकवू नका. तिथे नळीचा कोन बिघडला की तो परत बसत नाही.

त्या कोनाला अर्थ आहे. कानाची वाट सरळ आत जात नाही, ती थोडी नाकाच्या दिशेने जाते. म्हणून स्टेथो घालताना इअरटिपांची तोंडं पुढे हवीत. उलटा घातला तर टिप कानाच्या भिंतीवर टेकते आणि आवाज निम्मा होतो. 'सर, काहीच ऐकू येत नाही' या तक्रारीचं हे पहिलं कारण. दुसरं कारण चेस्टपीसच्या, म्हणजे छातीवर टेकवायच्या भागाच्या, दांड्यात सापडतं. दोन तोंडांच्या स्टेथोत एका वेळी एकच तोंड उघडं असतं. दांडा धरून चेस्टपीस फिरवला की टक् होऊन बाजू बदलते. कोणती बाजू उघडी आहे हे छातीवर ठेवण्याआधी डायफ्रॅमवर बोटाने हलकी टिचकी मारून बघावं. जोरात मारू नका, कानात स्टेथो असताना ती टिचकी हातोड्यासारखी लागते. तिसरं कारण मळ. खिशातला धागा, कापूस, कानातला मळ इअरटिपच्या तोंडाशी जमतो. टिपा मऊ असल्या तरी घट्ट बसवलेल्या असतात. त्या फिरवत ओढून काढाव्यात, अल्कोहोलच्या बोळ्याने पुसाव्यात आणि परत बसवताना शेवटपर्यंत रेटाव्यात. अर्धवट बसलेली टिप कानात राहून जाऊ शकते.

टिपांचं मापही महत्त्वाचं. डब्यात एक जोड जास्तीचा मिळतो, तो कपाटात टाकून न देता घालून बघा. तपासायची रीत सोपी आहे. स्टेथो कानात घाला, उघड्या बाजूचा डायफ्रॅम बोटाने हळूच दाबा. दोन्ही कानांत दाब जाणवला तर बंदोबस्त पक्का. एकाच कानात जाणवला तर दुसऱ्या बाजूला गळती आहे: टिप लहान, किंवा नीट न बसलेली, किंवा नळीला चीर.

नळीची अट अर्धी पास. नळी जाड भिंतीची आहे, आतून एकाच पोकळीची, म्हणजे डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणेच. एकच नळी असल्यामुळे घासण्याचा आवाज नाही. गमतीची गोष्ट अशी की महागड्या कार्डिओलॉजी ४ मध्ये बाहेरून एक पण आतून दोन पोकळ्या आहेत. म्हणजे डॉक्टरांच्या अक्षराला धरून पाहिलं तर स्वस्त भाऊच जास्त आज्ञाधारक.

लांबीत मात्र तो आज्ञाधारक नाही. क्लासिक ३ एकूण ६९ सेंटिमीटर, म्हणजे २७ इंच. डॉक्टरांना कमीत कमी लांबी हवी होती. नळी लांब झाली की वरच्या पट्टीचे आवाज थोडे मंदावतात, हे खरं. पण दहा-बारा सेंटिमीटरचा फरक साध्या कानाला ओळखू येणं कठीण. आणि एमवायच्या (एमजीएमला जोडलेल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या) जनरल वॉर्डात उभ्याने, गर्दीत, पलीकडच्या कुशीवर झोपलेल्या रुग्णाची छाती ऐकायची असेल तर आखूड नळीने कंबर मोडते. शिवाय खोकणाऱ्या रुग्णाच्या तोंडापासून वितभर लांब राहता येतं. इथे आम्ही डॉक्टर लिटमन यांच्याविरुद्ध मत देतो. २७ इंचच बरी.

नळीचं खरं दुखणं म्हणजे ती कडक होणं. या नळीत नैसर्गिक रबराचं लेटेक्स नाही, थॅलेट जातीचे मऊकारकही नाहीत. त्वचेच्या तेलाला आणि अल्कोहोलला ती आधीच्या नळ्यांइतकी दाद देत नाही. तरी वैर आहेच. उघड्या मानेवर घामासकट महिनोन्‌महिने लटकवली की ती त्या भागात कडक आणि चिकट होते. कॉलरवरून घाला. सकाळचे पोहे-जिलबी झाल्यावर हात न पुसता स्टेथो हातात घेणं इंदुरात सर्रास चालतं. तेलाचा हात नळीला लागू देऊ नका. खिशात चार घड्या घालून कोंबला की घडीच्या जागी नळी चपटी होते. आणि मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत किंवा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं म्हणजे तो जाणूनबुजून म्हातारा करणं.

सफाईला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. बोळा ओला असावा, टिपकता नसावा. दर रुग्णानंतर डायफ्रॅम आणि कडा, दिवसाअखेरीस नळी आणि टिपा. हँड सॅनिटायझर चोळू नये, त्यातले इतर घटक भागांवर बसतात. पाण्यात बुडवायचा नाही, ऑटोक्लेव्हमध्ये टाकायचा नाही. क्लासिक ३ चा डायफ्रॅम एकसंध आहे, कडा आणि पडदा यांच्यामध्ये खाच नाही, त्यामुळे पुसायला सोपा. जुन्या दोन तुकड्यांच्या डायफ्रॅमच्या खाचेत पावडर, घाम आणि ईसीजीची जेली यांचा जो लगदा जमायचा, तो इथे जमत नाही. हा बदल आम्हाला आवाजाच्या दाव्यांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

आता मुख्य अट: बेल आणि डायफ्रॅम. इथे क्लासिक ३ आणि डॉक्टर लिटमन यांचा रस्ता वेगळा होतो.

डॉक्टरांना एका बाजूला उघडी बेल हवी होती. क्लासिक ३ डब्यातून निघतो तेव्हा दोन्ही बाजूंना डायफ्रॅम असतो. मोठा साधारण ४.३ सेंटिमीटरचा, छोटा ३.३ चा. दोन्ही ट्यूनेबल, म्हणजे दाबावर चालणारे. त्याची यंत्रणा अशी. पडदा एका लवचीक कडेवर टांगलेला आहे. चेस्टपीस छातीवर नुसता टेकवला की पडदा मोकळा हलतो आणि खालच्या पट्टीचे आवाज आत येतात. दाबला की पडद्याची हालचाल अडते, तो ताठ होतो, खालचे आवाज गळतात आणि वरचे ठळक होतात. म्हणजे चेस्टपीस न उलटता एकाच बाजूने बेल आणि डायफ्रॅम दोन्हींचं काम. कल्पना हुशार आहे यात वाद नाही.

अडचण हाताची आहे. नवा विद्यार्थी घाबरलेला असतो, आणि घाबरलेला हात दाबतो. ऐकू येत नाही म्हणून आणखी दाबतो. हृदयाचे जादा, म्हणजे तिसरा, चौथा ठोका साधारण २० ते ५० हर्ट्झच्या आसपासचे, माणसाच्या कानाला मुळातच कठीण. दाबल्यावर ते पार नाहीसे होतात. माइट्रल स्टेनोसिसचा (माइट्रल झडप अरुंद झाल्याचा) डायस्टोलिक, म्हणजे हृदय सैल पडताना येणारा, घरघराटही तसाच. आपल्याकडे संधिवाती तापाने झालेले झडपांचे आजार अजून संपलेले नाहीत, परीक्षेत ही केस निघतेच, आणि विद्यार्थी 'मर्मर नाही', म्हणजे ठोक्यांखेरीज जादा आवाज नाही, असं सांगून बसतो. दोष कानाचा नसतो, अंगठ्याचा असतो. पूर्वी वेगळी बेल असताना सर निदान 'बेल लावलीस का?' असं विचारू शकत. आता स्टेथो बघून हात किती दाबतोय हे कळत नाही.

म्हणून आमचा आग्रह असा. मेडिसिनच्या पोस्टिंगला लागताच छोट्या बाजूचा डायफ्रॅम काढा आणि तिथे उघडी बेल करा. त्यासाठीची गार न लागणारी रबरी कडा कंपनीची असते. डब्यात आहे का ते दुकानातच उघडून बघा. कृती: छोट्या डायफ्रॅमची कडा अंगठ्याच्या पेराने एका बाजूने उचलायची आणि गोल सोलत न्यायची. नख किंवा पेन खुपसू नका, कडा फाटते. आतला कप बोळ्याने पुसून पूर्ण कोरडा करायचा. मग बेलची कडा एका बाजूने खोबणीत बसवायची आणि दोन्ही अंगठ्यांनी पुढे-पुढे रेटत गोल पूर्ण करायचा. शेवटी कडेवरून बोट फिरवून बघा. कुठे फुगवटा लागला तर ती तिथे खोबणीत गेलेली नाही, आणि तिथूनच आवाज गळेल. काढलेला डायफ्रॅम छोट्या डबीत जपून ठेवा. चाचा नेहरू रुग्णालयात मुलांच्या पोस्टिंगला लागलात की तो परत लावायचा. ३.३ सेंटिमीटरचं तोंड शाळकरी मुलाच्या बरगड्यांच्या मध्ये नीट बसतं. नवजात बाळाला तेही मोठं पडतं. त्यांच्यासाठी छोट्या तोंडाचा वेगळा स्टेथो वॉर्डात असतोच.

बेल लावल्यावर घ्यायची परीक्षा. माइट्रल स्टेनोसिसचा रुग्ण डाव्या कुशीवर झोपवा, ॲपेक्स (हृदयाचं टोक धडधडतं ती जागा) बोटाने शोधा, बेल नुसती टेकवा, इतकीच की कडेभोवती फट राहू नये. रुग्णाला श्वास सोडून थांबायला सांगा. घरघर ऐकू आली की बेल हळूहळू दाबत जा. घरघर विरत जाईल, कारण ताणलेली कातडीच आता डायफ्रॅमचं काम करते. सोडलं की परत येईल. हे दोन-तीनदा केलं की दाब म्हणजे काय हे हाताला कळतं. त्यानंतर मोठ्या ट्यूनेबल बाजूने तेच करा, आणि मग कंपनीचा दावा किती खरा हे स्वतःच ठरवा. आमच्या मते दावा बराचसा खरा आहे, फक्त शिकलेल्या हातात.

उलट टोकाची परीक्षा ॲऑर्टिक रिगर्जिटेशनची, म्हणजे ॲऑर्टिक झडपेतून रक्त मागे गळण्याची. रुग्ण बसवून पुढे झुकवा, पूर्ण श्वास सोडून थांबू द्या, मोठा डायफ्रॅम उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) डाव्या कडेला घट्ट दाबा, इतका की उचलल्यावर कातडीवर गोल वण दिसेल. फुंकर घातल्यासारखा, उंच पट्टीचा, दुसऱ्या ठोक्यानंतर लगेच सुरू होऊन विरत जाणारा आवाज. इथे क्लासिक ३ चोख. कार्डिओलॉजी ४ वर तो आणखी भरीव लागतो, हे मान्य. पण शिकाऊ कानाला तो फरक मर्मर आहे की नाही इतका मोठा नसतो.

स्टेथो कितीही चांगला असो, काही आवाज तो बनवत असतो आणि दोष रुग्णाला लागतो. छातीवर दाट केस असतील तर डायफ्रॅमखाली ते चुरचुरतात आणि अगदी फाइन क्रेपिटेशनसारखे (फुप्फुसातल्या बारीक चुरचुरीसारखे) ऐकू येतात. केस पाण्याने ओले करा, आवाज गेला तर ते केसच. थंडीत रुग्ण कुडकुडत असेल तर स्नायूंची गुरगुर येते. आधी चेस्टपीस तळहातात गरम करा, अंगावर पांघरूण घाला. नळी खाटेच्या कठड्याला किंवा ॲप्रनच्या बटणाला घासली की खसखस. अंगठा चेस्टपीसच्या वर फिरत असेल तर टकटक. तर्जनी आणि मधल्या बोटांमध्ये धरलं की हा त्रास कमी. छताचा पंखा दोन मिनिटं बंद करायला सांगायची लाज वाटू देऊ नका. शर्टावरून ऐकू नका. कापडातून ऐकलेल्या छातीवर लिहिलेलं 'एन. ए. डी.' (विशेष काही आढळलं नाही) निम्मं कापडाबद्दलचं असतं.

बीपीसाठी हा स्टेथो पुरेसा, त्यातही बेल किंवा हलका दाब बरा, कारण कोरोटकॉफचे, म्हणजे बीपी मोजताना ऐकू येणारे, आवाज खालच्या पट्टीचेच. चेस्टपीस दंडावरच्या पट्ट्याखाली कोंबायचा नाही. पट्ट्याची कडा कोपरापासून दोन-अडीच सेंटिमीटर वर ठेवली की चेस्टपीसला जागा राहते.

म्हणूनच पहिल्या वर्षाला हा घाईचा. फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला बीपी आणि साधे दोन ठोके एवढंच काम. हल्लीच्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी वॉर्ड दाखवतात, पण खऱ्या क्लिनिकल पोस्टिंग दुसऱ्या वर्षी सुरू होतात. तोवर चांगला देशी स्टेथो काही शे रुपयांत मिळतो आणि तो हरवला तर घरात बोभाटा होत नाही. लाइटवेट २ एसई हा मधला पर्याय, नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना तर तोच सांगू, पण त्याची वॉरंटी दोन वर्षांची. क्लासिक ३ ची पाच, कार्डिओलॉजी ४ ची सात. वर्षांनी भागून पाहिलं तर मामाचं म्हणणं तितकंही उधळपट्टीचं उरत नाही.

खरेदी. इंदुरात आरएनटी मार्गावरचा दवा बाजार हाच बहुतेकांचा रस्ता, एमवायपासून चालत जाण्याजोगा. तिथे घासाघीस चालते, हे चांगलंही आहे आणि धोक्याचंही. थोडी सूट मिळाली तर घ्या. निम्म्या किमतीत मिळाला तर तो लिटमन नाही. तपासायचं ते दुकानातच, उजेडात. खऱ्या क्लासिक ३ च्या चेस्टपीसच्या दांड्यावर बारीक अक्षरांत सिरियल नंबर कोरलेला असतो. छापलेला किंवा चिकटवलेला नव्हे, कोरलेला. नखाने खरवडून बघा. डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, आयातीचा महिना-वर्ष आणि एमआरपी असलेलं लेबल हवं. दांडा फिरवताना ठाम टक् व्हावं. सैल डगमग, करकर नको. नकली मालात डायफ्रॅम बरेचदा गोंदाने चिकटवलेला असतो, खऱ्याचा कडेने सोलून निघतो. नळी चकाकती, पातळ आणि वासाची असेल तर परत द्या.

मग ऐकून बघा. दुकानात गलका असतो, म्हणून मागच्या खोलीत किंवा जिन्यात जा. स्वतःच्या ॲपेक्सवर, बरगड्यांमधल्या डाव्या पाचव्या फटीत, मोठी बाजू नुसती टेकवा, मग दाबा. आवाजाचा पोत बदलायला हवा: हलक्या दाबाला घुमटा, जोराच्या दाबाला कोरडा. दोन्ही वेळी सारखाच आला तर पडदा ट्यूनेबल नाही. दुकानदार 'ओरिजिनलच आहे साहेब' म्हणेल, त्याला म्हणू द्या. बिल पक्कं घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या, कारण पाच वर्षांची वॉरंटी त्या कागदावर उभी आहे. बिलाची शाई उडते, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ऑनलाइन घेतलात तर विक्रेता अधिकृत आहे का ते बघा आणि डबा उघडताना व्हिडिओ काढा.

राहता राहिला चोरीचा प्रश्न, म्हणजे 'जरा देता का' असं म्हणून राउंडमध्ये हातोहात गेलेला स्टेथो. काळ्या नळीचे दहा स्टेथो एका टेबलावर पडलेले असतात. रंग निवडायला मिळाला तर बर्गंडी किंवा निळा घ्या. नावाची प्लास्टिकची पट्टी नळीच्या दुभाग्याच्या खाली अडकवा, सैलसर. आवळून बांधली तर तिथे नळी दबते. चिकटपट्टीवर नाव लिहून गुंडाळू नका, तिचा गोंद उन्हाळ्यात नळीत मुरतो आणि निघत नाही. आणि इअरटिपांचा दुसरा जोड घरीच ठेवा. स्टेथो परत येतो, टिपा येतीलच असं नाही.